नंबर टेकर

बातमी चार ओळींची होती.
केळीचे भाव आणि गिरणेचं आवर्तन यांच्या मध्ये
सात सेंटिमीटर जागा उरली,
धांडे साहेब म्हणाले, ते अमेरिकेचं टाक काहीतरी.

एजन्सीच्या कागदावर होतं :
शोध घेणाऱ्या एका यंत्राने दहा कोटी पानं वाचली.
त्याचा एक क्रॉलर असतो,
रात्रंदिवस या पानावरून त्या पानावर जाणारा.
मी क्रॉलरला मराठी शब्द शोधत बसले.
शब्दकोशात रांगणं बाळाचं, सरपटणं सापाचं.
शेवटी लिहिलं, सरपटणारे यंत्र.
सकाळी छापून आलं, सरपटणारे मंत्री.
दुपारपर्यंत सात फोन आले,
इंटरनेटबद्दल एकानेही विचारलं नाही.

भुसावळला घरी आले तर बाबा
घमेल्यात पाय बुडवून बसलेले.
एकतीस वर्षं यार्डात नंबर टेकर :
मालगाडी लागली की इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत
खडीवरून चालायचं, हातात बत्ती, काखेत वही,
डब्याचा नंबर, कुठून, कुठे, सील आहे की तुटलं.
मग दुसऱ्या अंगाने परत.
मी बातमी वाचून दाखवली, मंत्री वगळून.
"मंग यात नवं काय हाये?
हे तं मी पायानं केलं.
त्याचे पाय दुखत नसतीन, एवढंच."

मी म्हटलं, पण दहा कोटींतून
आधी कोणतं दाखवायचं, हे त्याला कसं कळतं?
त्यांनी एक पाय बाहेर काढला, पुसला, पुन्हा आत ठेवला.
"ज्या डब्यासाठी लय लोकं फोन करत
तो पह्यले सापडे.
दिल्लीचा व्यापारी, सावद्याचा एजंट, स्टेशन मास्तर,
सारे एकाच डब्याचं नाव घेत.
ज्याले कोनी इचारे नाही
तो साइडिंगले गवतात उभा राहे.
नंबर त्याचाबी माह्या वहीत होता.
वहीत असनं येगळं, सापडनं येगळं."

जामनेर रोडला सायबर कॅफे उघडलं, तासाला साठ रुपये.
बाबांनी चपला बाहेर काढल्या.
मोडेमने नाशिकला फोन लावला,
घशात काटा अडकल्यासारखा खाकरला, मग गप्प झाला.
काय शोधू, मी विचारलं.
विचार करावा लागला नाही त्यांना.
"तीन नऊ चार एक सात."

त्र्याऐंशी साली निंभोऱ्याला भरलेला केळीचा डबा.
यार्डात आला, हे त्यांच्या अक्षरात होतं.
बाहेर गेला, हे कुणाच्याच नव्हतं.
चौकशी झाली, एक इन्क्रिमेंट थांबलं,
आईने त्या वर्षी शिवणाचं मशीन घेतलं नाही.

पान वरून खाली, पट्टी पट्टीने उतरलं.
सापडले : एक लाख बारा हजार.
पहिला, कुठल्या तरी गावचा पिनकोड.
दुसरा, पाण्याच्या पंपाचा सुटा भाग.
तिसरा, चर्चचा फोन.
बाबा काचेवर बोट ठेवून एकेक वाचत गेले,
इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते.
इम्तियाज म्हणाला, काका, दुसरं पान कोणी बघत नाही.
बाबा म्हणाले, "पलट."
सातव्या पानावर तास संपला.
खिशातून विसाच्या तीन नोटा काढून
त्यांनी स्वतः दिल्या, मला देऊ दिल्या नाहीत.
रस्त्यावर एवढंच म्हणाले,
"इतकं सापडलं, म्हंजे त्याले कोनी इचारलंच नाही."

पुढच्या महिन्यात पुन्हा सात सेंटिमीटर मिळाले.
यंत्राने आता तीस कोटी पानं वाचली होती.
क्रॉलरच्या जागी मी लिहिलं, नंबर टेकर.
धांडे साहेबांनी खोडलं नाही,
पेन्सिलीने बाजूला प्रश्नचिन्ह काढलं
आणि चहाला गेले.
सकाळी प्रश्नचिन्हासकट छापून आलं.